'स्पष्ट केलं' की 'दावा केला': सभेच्या बातमीतला पक्षपात कुठं शोधायचा

प्रश्न सेलूजवळच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा आहे. ते लिहितात: 'आमच्याकडं एका मोठ्या नेत्याची सभा झाली. मी शेवटपर्यंत बसून होतो. पाऊण तास भाषण झालं. सोयाबीनचा भाव, पीकविमा, पाणी, सगळं त्यात आलं. रात्री घरी येऊन टीव्ही लावला तर एका चॅनेलवर "विराट सभा" आणि दुसऱ्यावर "रिकाम्या खुर्च्या". सकाळच्या पेपरात मथळा होता तो विरोधकांना मारलेल्या एका टोमण्याचा. गावातली निम्मी माणसं म्हणतात पत्रकार यांना विकले गेलेत, निम्मी म्हणतात त्यांना. खरं काय? आणि हे मुलांना शिकवायचं तर कसं?'

सर, मी ३२ वर्षं वर्तमानपत्रात काढली. १९९२ ला तालुक्याचा वार्ताहर म्हणून लागलो, मग संभाजीनगरात डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून मथळे देणाऱ्या टेबलावर, उपसंपादक झालो, शेवटची काही वर्षं जिल्हा कार्यालय सांभाळलं. तुम्ही बसला होतात तशा शेकडो सभांच्या बातम्या माझ्या हातून गेल्या आहेत. त्यावरून एवढं नक्की सांगतो की पक्षपात आहे. फक्त लोक त्याला जिथं शोधतात तिथं तो कमी सापडतो. मालकाचा फोन आणि नेत्याचं पाकीट यांच्या गोष्टी चहाच्या टपरीवर सगळेच सांगतात. मी पाहिलेला बहुतेक पक्षपात मात्र क्रियापदात होता, घड्याळात होता, कॅमेरा ठेवलेल्या जागेत होता आणि जाहिरातीच्या वसुलीत होता. थोडा वाचणाऱ्याच्या मनातही होता, त्याकडं नंतर येतो.

क्रियापदापासून सुरू करतो, कारण ते कुणालाही घरबसल्या तपासता येतं.

'म्हणाले' हे आपल्या भाषेतलं सगळ्यात सरळ क्रियापद. नेता बोलला, आम्ही लिहिलं. पण रात्री साडेनऊला डेस्कवर बसलेल्या माणसाला ते अळणी वाटतं. मग तिथं 'स्पष्ट केलं' येतं. 'स्पष्ट केलं' लिहिलं की नेत्याचं म्हणणं खरंच होतं, लोकांना तेवढं नीट कळलं नव्हतं, असा अर्थ वाचकाच्या मनात उतरतो. 'दावा केला' लिहिलं की त्याच वाक्यावर शंकेची सावली पडते. 'कबूल केलं' म्हटलं की जणू चोरी पकडली गेली. एक साधं वाक्य घ्या. नेता म्हणाला, 'पुढच्या जूनपर्यंत या गावांना पाणी मिळेल.' एक पेपर लिहितो, 'जूनपर्यंत पाणी देण्याची ग्वाही'. दुसरा लिहितो, 'जूनपर्यंत पाणी देण्याचा दावा'. तिसरा लिहितो, 'पुन्हा पाण्याचं गाजर'. तिघांनीही खोटं काही छापलेलं नाही, नेत्याच्या तोंडचा शब्दही बदललेला नाही. तरी तीन घरांत तीन वेगवेगळी माणसं बोलून गेली.

वादाच्या बातमीत हे आणखी उघडं पडतं. एकानं विरोधकाचा 'समाचार घेतला', दुसऱ्यानं 'गरळ ओकली'. एकानं 'खडे बोल सुनावले', दुसऱ्याची 'जीभ घसरली'. 'समाचार घेणं' आणि 'खडे बोल सुनावणं' यांत बोलणाऱ्याचा अधिकार आपण आधीच मान्य केलेला असतो, घरातला मोठा माणूस बोलतो तसा. 'बरळले' लिहिलं की ऐकायचं कामच संपलं. माझ्या हाताखाली नवीन मुलं आली की मी त्यांना आधी हेच करायला लावायचो: दोन विरोधी नेत्यांच्या महिनाभराच्या बातम्या काढा आणि फक्त क्रियापदं एका वहीत लिहा. भाषणातलं काही लिहू नका. पान भरलं की ज्यानं त्यानं आपलं आपण बघावं. मला वेगळं काही सांगावं लागत नसे.

नावांचंही तसंच. मथळ्यात एकाला 'दादा', 'साहेब' आणि दुसऱ्याला नुसतं आडनाव, असं एकाच पानावर दिसलं की पेपरचा कल कळतो. बीडसारख्या ठिकाणी एकाच आडनावाचे दोन-तीन नेते असतात, तिथं पहिलं नाव लिहावंच लागतं, तो दोष धरू नये. पण पुरुष नेत्याला आडनाव आणि बाई नेत्या असल्या की 'ताई', ही सवय सगळ्याच पक्षांच्या बाबतीत आणि सगळ्याच पेपरांत आहे, आणि मला ती खटकत आली आहे. आमच्या शहराचं तर नावच कित्येक वर्षं कसोटी होऊन बसलं होतं. १९८८ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांनी इथल्या सभेत 'संभाजीनगर' म्हटलं आणि शिवसेनेचं मुखपत्र तेव्हापासून तसंच लिहू लागलं. सरकारदरबारी नाव बदललं ते २०२३ मध्ये. मधल्या ३५ वर्षांत बातमीच्या सुरुवातीला 'औरंगाबाद' लिहिलंय की 'संभाजीनगर' एवढं पाहिलं तरी तो पेपर कुणाच्या अंगणातला आहे ते कळायचं.

आता एक प्रसंग सांगतो. २००० च्या आसपासची गोष्ट असेल. उन्हाळ्यातली सभा. एक मंत्री भाषणात म्हणाले, 'डिसेंबरपर्यंत कालव्याचं काम सुरू झालं नाही, तर मी राजीनामा देईन.' आमच्या तालुका वार्ताहरानं एसटीडी बूथवरून फोन करून बातमी सांगितली. पोरगा नवीन होता, पण चोख होता; त्यानं पूर्ण वाक्य दोनदा वाचून दाखवलं. मी डेस्कवर होतो. एका कॉलमची जागा होती, मथळ्याच्या ओळीत मोजकी अक्षरं बसत होती. मी लिहिलं, 'राजीनामा देईन'. आतल्या मजकुरात 'जर-तर' होतं, पण पान लावताना जाहिरात वाढली आणि खालच्या चार ओळी उडाल्या. सकाळी विरोधकांनी फटाके वाजवले. मंत्र्यांच्या माणसांनी बसस्थानकावर अंक जाळले आणि त्या पोराला भर चौकात घेरलं. 'किती पैसे घेतले' म्हणून विचारलं. त्यानं कुणाचा रुपया घेतलेला नव्हता, वाक्य तर त्यानं पूर्णच दिलं होतं. 'तर'च्या आधीचं मी कापलं होतं आणि मार त्यानं खाल्ला. दोन दिवसांनी आतल्या पानावर तीन ओळींचं शुद्धिपत्र आलं. ज्यांनी मथळा वाचला त्यातल्या कितीजणांनी ते वाचलं असेल? त्यानंतर मी भाषणाच्या बातमीतल्या अटीला, म्हणजे 'जर', 'तोपर्यंत', 'शक्य झालं तर' या शब्दांना, कधी कात्री लावली नाही, मथळा कितीही लंगडा दिसला तरी. 'पत्रकार विकला गेला' असं कुणी म्हटलं की मला आजही आधी तो पोरगा आठवतो.

घड्याळाचं गणित तुम्हाला सेलूत बसून दिसणार नाही, म्हणून सांगतो. पेपर एक नसतो. लांबच्या तालुक्यांसाठी डाक आवृत्ती लवकर सुटते, कारण गठ्ठे रात्रीच्या गाडीनं किनवट, उदगीर, मुखेडपर्यंत पोहोचवायचे असतात. शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतरही छापली जाते. सभा सातची, नेता आला पावणेनऊला, भाषण संपलं दहाला. डाक आवृत्तीचं पान त्याआधीच छपाईला सोडावं लागतं. मग वार्ताहर भाषणाच्या पहिल्या दहा मिनिटांवर बातमी देतो, आणि पहिली दहा मिनिटं म्हणजे स्वागत, शेरोशायरी आणि विरोधकांना टोले. पाण्याचं आणि सोयाबीनचं नेते बहुधा मधे बोलतात. ते शहरातल्या वाचकाला मिळतं, शेतकऱ्याला मिळत नाही. ज्याच्यासाठी ते बोलणं होतं त्याच्याच अंकात ते नसतं. यात कुणाचा डाव नसतो, पण परिणाम डावासारखाच होतो. आता मोबाइलवर सगळं येतं म्हणून हे संपलं असं वाटेल, पण तिथंही पहिली पट्टी पहिल्या टोल्याचीच असते, आणि पुढचा तासभर त्या टोल्यावरच्या प्रतिक्रियांत जातो.

टीव्हीवरच्या रिकाम्या खुर्च्यांचं सांगतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो. २०२४ च्या लोकसभेला हिंगोली, नांदेड, परभणीचं मतदान २६ एप्रिलला होतं, लातूर आणि धाराशिवचं ७ मे ला, जालना, संभाजीनगर आणि बीडचं १३ मे ला. अशा उन्हात पाचची सभा कधी पाचला भरते का? माणसं ऊन कललं की निघतात, जीप आणि टेम्पो सात वाजता येऊन लागतात, आणि परतीच्या गाड्या निघायच्या म्हणून शेवटची वीस मिनिटं मागच्या रांगा रिकाम्या होतात. साडेपाचचा फोटो घ्या, खुर्च्या रिकाम्या. साडेआठचा घ्या, पाय ठेवायला जागा नाही. दोन्ही फोटो खरे. म्हणून सभेचा फोटो बघताना मी आधी उजेड बघतो. आकाशात ऊन दिसतंय आणि बातमी रात्रीच्या भाषणाची आहे, तर तो फोटो कामाचा नाही.

'विराट' म्हणवणाऱ्या दृश्यांची कथा वेगळी. मोठ्या सभेला आता पक्षच कॅमेरे लावतो. ड्रोन त्यांचा, उंच दांडीवरून गर्दीवर फिरणारा कॅमेरा त्यांचा, आणि तीच चित्रं सगळ्या चॅनेलना आयती मिळतात. चॅनेलचा स्वतःचा माणूस बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, घेऊन मंचासमोर असतो, गर्दीकडं त्याची पाठ असते. तुम्हाला पडद्यावर जी गर्दी दिसते ती पक्षानं निवडलेली गर्दी असते, आणि खाली लोगो चॅनेलचा असतो. मला वाटतं अशा चित्रांवर 'पक्षाकडून मिळालेली दृश्यं' असं लिहिलंच पाहिजे. कुणीतरी हे सुरू करावं अशी माझी फार इच्छा आहे.

आवाजाचंही असंच होतं. अमेरिकेत २००४ साली हॉवर्ड डीन नावाचे नेते अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे होते. १९ जानेवारीला आयोवा राज्यात ते तिसरे आले, आणि त्या रात्री कार्यकर्त्यांसमोर बोलताना शेवटी जोरात ओरडले. सभागृह गोंगाटानं भरलेलं होतं, तिथल्या लोकांना ते ओरडणं वेगळं जाणवलंही नाही. पण हातातला माइक आजूबाजूचा आवाज न घेणारा होता. टीव्हीवर गर्दी गायब झाली आणि एकटा माणूस किंचाळताना दिसला. पुढच्या चार दिवसांत वाहिन्यांनी ती किंकाळी सहाशेहून जास्त वेळा दाखवली. आपल्याकडं गावच्या यात्रेतल्या सभेत मागं हलगी वाजत असते, शिट्ट्या असतात, वक्त्याला ओरडावंच लागतं. ती चित्रफीत मागचा आवाज काढून पाहिली तर कुणीही संतापलेला वेडा दिसेल.

गर्दीच्या आकड्यावरून तर मी मारामाऱ्या पाहिल्या आहेत. त्यासाठी एक साधा हिशेब मुलांना शिकवा. बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात आंदोलनांची गर्दी मोजण्यासाठी माणशी जागा धरायची पद्धत काढली: गर्दी सैल असेल तर माणशी १० चौरस फूट, दाट असेल तर साडेचार. आपल्या मुलांना एकर-गुंठे पाठ असतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे गुंठ्याला सैल बसली तर १०९ माणसं, खेटून उभी राहिली तर सुमारे २४०. एकरी ४,३५६ ते ९,६८० झाली. मैदान १० एकरांचं असेल तर खच्चून भरलं तरी लाखाच्या आतच राहणार. त्यातून मंच, बॅरिकेडमधली मोकळी जागा आणि वाटा वजा करा. मग 'तीन लाखांचा जनसागर' लिहिणारा पेपर आणि 'सभा फसली' म्हणणारा पेपर, दोघांनाही तुमचा सातवीचा विद्यार्थी प्रश्न विचारू शकेल.

पैशाकडं मी डोळेझाक करत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत 'अशोक पर्व' अशा नावाच्या पुरवण्या आल्या, तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं गुणगान करणाऱ्या. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणलं. प्रकरण निवडणूक खर्चाच्या हिशेबावरून निवडणूक आयोगाकडं आणि न्यायालयात गेलं. २०१४ मध्ये आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केला. मतदारसंघ आपल्या नांदेडचा, भोकर. त्या काळानंतर 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात, हा शब्द तालुक्यापर्यंत पोहोचला. आता निवडणुकीत जिल्हा पातळीवर माध्यमांवर लक्ष ठेवणारी समिती असते आणि संशयित बातमी उमेदवाराच्या खर्चात धरता येते.

पण निवडणूक नसतानाचं काय? तालुक्याच्या वार्ताहराला मानधन किती मिळतं हे विचारायची सोय नाही. बहुतेकांचं घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस आला की पानभर शुभेच्छा गोळा करायच्या, त्यासाठी त्याच नेत्याच्या कार्यकर्त्यांच्या दारात जायचं, आणि बिल वसूल व्हायला सहा महिने लागतात. ज्याच्याकडं तुमची वसुली थकली आहे त्याच्या भाषणात तुम्हाला खोट कशी दिसेल? त्या माणसाला कुणी विकत घेतलेलं नसतं. त्याला पुरेसा पगारच कुणी दिलेला नसतो. पत्रकारांना शिव्या देणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता वाचणाऱ्याच्या मनाकडं येतो. १९८५ साली व्हॅलोन, रॉस आणि लेपर या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १९८२ मध्ये इस्रायली सैन्यानं वेढलेल्या बैरूतच्या पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांत हत्याकांड झालं होतं. त्याच्या टीव्ही बातम्या त्यांनी १४४ जणांना दाखवल्या. त्यात काही इस्रायलच्या बाजूचे होते, काही अरबांच्या. बातम्या सगळ्यांना त्याच दाखवल्या. इस्रायलच्या बाजूचे म्हणाले, हे इस्रायलविरोधी आहे. अरबांच्या बाजूचे म्हणाले, हे अरबविरोधी आहे. आपल्या बाजूनं किती उल्लेख आले आणि विरुद्ध किती, याची मोजदादही दोघांची वेगळी. आणि ज्याला विषयाची जास्त माहिती, त्याला पक्षपात जास्त दिसला.

मी हे अंबडमध्ये पाहिलं. १४ ऑक्टोबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांची सभा झाली. महिनाभरानं, १७ नोव्हेंबरला, त्याच तालुक्यात अंबडला, ते आरक्षण ओबीसींच्या वाट्यातून देण्याच्या विरोधात, ओबीसी एल्गार सभा झाली, तिथं छगन भुजबळ बोलले. दोन्ही सभांनंतर आमच्या कार्यालयातला फोन थांबत नव्हता. एक जण म्हणाला, 'आमची सभा तुम्ही अर्ध्या पानात उरकली, त्यांना पान दिलं.' मी अंक काढून बघितला, जागा जवळपास सारखी होती. अर्ध्या तासानं दुसऱ्या बाजूचा माणूस नेमकं तेच बोलला, उलट दिशेनं. दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघंही दुखावलेले होते, आणि दुखावलेल्या माणसाला आपल्या विरुद्ध गेलेली ओळ चार ओळींएवढी दिसते. एका बाजूच्या मुलाचं कॉलेज आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाची नोकरी जिथं पणाला लागलेली आहे, तिथं पेपर कुणी शांतपणे वाचत नाही, आणि वाचावा अशी अपेक्षाही मी करणार नाही.

इथं आमचे संपादक लोक एक सोयीचं वाक्य बोलतात: 'दोन्ही बाजू चिडल्या, म्हणजे आपण बरोबर आहोत.' मला हे वाक्य अजिबात पटत नाही. दोन्ही बाजू चिडल्या यावरून एवढंच कळतं की दोन्ही बाजू चिडल्या. आपण दोघांवरही अन्याय केलेला असू शकतो. दोघांच्या मागण्यांमधला तपशील गाळून फक्त दोघांच्या शिव्या छापल्या, तरी दोघं चिडणारच, आणि रास्त चिडणार.

शिवाय वाचकाची तक्रार ही नुसती त्याच्या मनाची करामत आहे, असंही कुणी म्हणू नये. मी १२ वर्षांचा होतो तेव्हा, २७ जुलै १९७८ ला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. त्या वेळी या भागाचा सगळ्यात मानाचा पेपर होता 'मराठवाडा', निजामाविरुद्धच्या लढ्यातून उभा राहिलेला. त्याचे संपादक अनंत भालेराव आमच्यासारख्यांना आजही आदर्श वाटतात. पण नामांतराला त्यांचा विरोध होता. ज्यांची घरं जळली त्यांनी सकाळी तो पेपर कसा वाचला असेल? त्यांनी 'हा पेपर आमचा नाही' म्हटलं असेल तर तो भास नव्हता. विद्यापीठाच्या मूळ नावाला आंबेडकरांचं नाव जोडून नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, मध्ये साडेपंधरा वर्षं गेली. तेव्हा मी वार्ताहर होतो, आणि बातमी घेऊन वस्तीत गेलो की माझ्याकडं बघणाऱ्या नजरेत तो जुना हिशेब असायचा. पुढं २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ पत्रकारांची पाहणी झाली, त्यात एकही दलित किंवा आदिवासी निघाला नाही. भाषणातलं कुठलं वाक्य महत्त्वाचं हे डेस्कवरचा माणूस ठरवतो. तो कुठून आलाय यावर त्याला काय ऐकू येतं ते ठरतं. हा पक्षपात कुठल्या राजकीय पक्षाच्या बाजूचा नसतो, म्हणून तो मोजलाही जात नाही.

आणि तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त बोचलं ते सोयाबीन. टोमणा मथळ्यात आला, सोयाबीन राहिलं. माझ्या मते आजच्या घडीला सगळ्यात मोठा पक्षपात हाच आहे, भांडणाच्या बाजूचा. त्याला पक्ष नाही. टोमण्याला प्रतिक्रिया मिळते, प्रतिक्रियेला उत्तर मिळतं, तीन दिवस बातमी चालते. पीकविम्याला प्रतिक्रिया कोण देणार? त्यासाठी कागद काढावे लागतात. १६ सप्टेंबर २०२३ ला संभाजीनगरात राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी सुमारे ४५ हजार कोटींच्या योजना जाहीर झाल्या. याच शहरात ऑक्टोबर २०१६ मध्येही अशीच बैठक झाली होती आणि तेव्हा आकडा होता सुमारे ४९ हजार कोटींचा. अशा भाषणानंतर सत्ताधाऱ्यांचं 'ऐतिहासिक' आणि विरोधकांचं 'फसवणूक' एकाखाली एक छापलं की बातमी समतोल दिसते, आणि वाचकाच्या हातात काहीच पडत नाही. २०१६ ची यादी शेजारी ठेवून यातलं नवं किती, जुनं किती, झालं किती, हे सांगणं म्हणजे बातमी. ते करायला एका माणसाला चार दिवस मोकळं सोडावं लागतं. कुठलंही जिल्हा कार्यालय तेवढी माणसं आज ठेवत नाही.

बातमीतला 'नागरिकांतून तीव्र प्रतिक्रिया' हा शब्दप्रयोग दिसला तर खाली नावं शोधा. नाव नसेल, तर तो ओळखीच्या तीन माणसांना केलेला फोन समजा. 'राजकीय वर्तुळात खळबळ' यावर तर विश्वासच ठेवू नका.

तक्रार करायची असेल तर गटागटांत शिव्या टाकून उपयोग नाही. आधी संपादकाला लेखी कळवा, भाषणातलं मूळ वाक्य आणि छापलेलं वाक्य शेजारी शेजारी लिहून. दखल घेतली नाही तर भारतीय प्रेस कौन्सिलकडं जाता येतं. दैनिकाच्या बाबतीत मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल शिक्षा करू शकत नाही, ताशेरे ओढू शकतं. तरी लेखी तक्रार कार्यालयात आली की फरक पडतो. 'तुम्ही विकलेले' म्हणणाऱ्या फोनला आम्ही काही उत्तर देऊ शकत नव्हतो. 'तिसऱ्या ओळीतलं "जर" कुठं गेलं' असं विचारणाऱ्या पत्रानं मात्र मला दोनदा जुनी टिपणं काढायला लावली होती.

मुलांसाठी निवडणुकीची सभा घेऊ नका, घराघरांत बाजू ठरलेल्या असतात. १७ सप्टेंबर घ्या. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मुख्यमंत्री ध्वजवंदन करतात आणि बोलतात. ते भाषण टीव्हीवर लागतं, आणि माहिती कार्यालयाकडून त्याची बातमीही निघते. आधी वर्गात ते पूर्ण ऐकवा आणि प्रत्येक मुलाला विचारा, मथळा काय द्याल? ते वहीत लिहून घ्या, बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी चार पेपर आणा, त्यातला एक उर्दू असेल आणि वाचून सांगणारं कुणी असेल तर फारच चांगलं. एका रंगानं क्रियापदं, दुसऱ्यानं आकडे, तिसऱ्यानं प्रतिक्रिया देणाऱ्यांची नावं. मग मुलांचे स्वतःचे मथळे उघडा. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलानं एक वाक्य उचललं असेल, दुकानदाराच्या मुलीनं दुसरं. त्यावर तास कितीही लांबला तरी लांबू द्या. आणि त्या वह्यांतले मथळे मला पाठवा, मला ते खरोखर वाचायचे आहेत.